लाल शाईतली ओळ

मे महिना आला की कार्डिफमधल्या हॉर्स चेस्टनटच्या झाडांवर पांढरे तुरे उभे राहतात आणि माझं नाक वाहू लागतं. परागकणांची सर्दी, म्हणजे हे-फीव्हर, आणि परीक्षा या देशात एकाच महिन्यात का येतात, हे मला कॉलेजच्या तीन वर्षांत कळलेलं नाही. जिमच्या लाकडी जमिनीवर, बास्केटबॉलच्या रंगीत रेघांवरच, डेस्कांच्या रांगा लावतात. घाम, पॉलिश आणि कोऱ्या कागदाचा मिळून एक वास येतो. बाहेर कुणीतरी गवत कापत असतं, आणि आत आम्ही सगळे शिंका दाबत लिहीत असतो.

हा माझा इथला शेवटचा मे. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे या दिवसांत माणसाला काय वाटायला हवं, हे विचारायला घरी कुणी नाही. आई कॉव्हेंट्रीहून फोनवर एवढंच विचारते, "पेपर सोपा होता का?" मी हो म्हणते. मागून बाबांचा आवाज येतो, "अगं, जेवली का ते विचार." मी जेवले म्हणते. मग पे-फोनमधली नाणी संपतात.

गेल्या आठवड्यात, दोन पेपरांच्या मधल्या दिवशी, अमेरिकेहून मला एक पत्र आलं. ओहायोचा शिक्का, मोठं अक्षर, प्रत्येक ओळ उजवीकडे खाली उतरत गेलेली. ते मी चार वेळा वाचलं. रिव्हिजन तशीच राहिली. त्या पत्राविषयी लिहायचं तर दोन वर्षांपूर्वीच्या, म्हणजे नव्वद सालच्या मेपासून लिहावं लागेल. मला ते नीट जमेल की नाही, माहीत नाही. त्या मेमध्ये मी एका मुलावर सूड उगवला. त्याची लाज वाटायला हवी तितकी मला अजून वाटत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

सॉल्ट वॅगन हे नाव इथल्या मराठी घरांत फारसं कुणी ऐकलं नसेल. अमेरिकेतला हा रॉक बँड साठच्या दशकात टायरचे कारखाने असलेल्या एका गावात पाच पोरांनी गॅरेजमध्ये सुरू केला, आणि तो अजून चालू आहे. पाचही जणांचे वडील कारखान्यात कामाला. मी तेरा वर्षांची असताना बाबांच्या बाजूला काम करणाऱ्या टेरीने "पोरीला दे" म्हणून त्यांची एक कॅसेट दिली. बाबांनी ती जेवणाच्या डब्यातून आणली, म्हणून तिला बरेच दिवस लोणच्याचा वास होता. शब्द मला निम्मेच कळले. पण मागे एक ऑर्गन वाजत होता, भोंग्यासारखा लांबत जाणारा. सकाळी बाबा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून बूट चढवायचे, आई दरवाजा धरून उभी असायची आणि दोघांपैकी कुणीच बोलायचं नाही. तो ऑर्गन ऐकताना मला वाटलं, या लोकांना आमचं घर माहीत आहे.

दहाव्या वर्षी मी इचलकरंजीहून इंग्लंडला आले होते. शाळेत मला बोलायला भीती वाटायची, लिहायला नाही. म्हणून मी सॉल्ट वॅगनचा इतिहास इंग्रजीत लिहायला घेतला. जाड पुठ्ठ्याची एक वही केली. लायब्ररीत संगीताच्या साप्ताहिकांचे जुने अंक मागून बसायचे. कॅसेटच्या कव्हरवरची बारीक अक्षरं उतरवून घ्यायचे. चाहत्यांमध्ये एक पद्धत होती: आपण कोरी कॅसेट पाठवायची, समोरच्याने त्यावर एखादा कार्यक्रम भरून परत पाठवायचा, सोबत पत्र. ओहायोतल्या एका बाईंशी माझी अशी देवाणघेवाण चालायची. त्यांचा भाऊ पूर्वी बँडचं सामान गाडीत चढवायचा, त्यामुळे त्यांच्या पत्रांत आतल्या गोष्टी असायच्या. त्यातल्या खऱ्या किती, ते मला ठरवता यायचं नाही.

यावर तोडगा मला बाबांकडून मिळाला. ते ट्रॅक्टरच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. तपासून झालेल्या भागावर निळ्या रंगाचा ठिपका, शंका असलेल्यावर लाल. "लाल म्हणजे खराब नाही हं," ते म्हणायचे. "लाल म्हणजे अजून बघायचंय. पण लाल गेटबाहेर जाता कामा नये." तेव्हापासून मी छापलेलं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असेल ते निळ्या शाईने लिहायचे आणि नुसतं ऐकलेलं लाल शाईने. लाल शाई असल्यामुळे मी "म्हणतात", "कदाचित" असलं काही लिहायचे नाही, प्रश्नचिन्हही घालायचे नाही. रंगातच ते आलं होतं. पाच वर्षांत वही भरली.

वही भरता भरता एक गोष्ट माझ्या लक्षात आली. हा बँड इतकी वर्षं टिकला तो प्रेमावर टिकला नव्हता. गायकाने गिटारवाल्याला काढलं, गिटारवाल्याने तेच नाव घेऊन दुसरा बँड काढला, आणि एका उन्हाळ्यात एकाच नावाचे दोन बँड देशाच्या दोन टोकांना वाजवत फिरत होते. पुढे कोर्टाने त्यांना एकत्र आणलं. त्यानंतर ते दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. वेगळ्या गाड्यांतून यायचे, स्टेजच्या दोन कडांना उभे राहायचे आणि त्याच ओळी एकत्र गायचे. कॅसेटवर ते ऐकताना कुणाला काही कळत नाही. उलट अबोल्याच्या वर्षांतली गाणीच जास्त घट्ट वाजतात. हे मला तेव्हा फार आवडायचं. वाटायचं, राग असा सांभाळता आला पाहिजे.

मिलिंद कॉलेजात माझ्याच वर्गात होता. वडील डॉक्टर, घर मेडनहेडला, नदीपासून दोन मिनिटांवर. आमची ओळख मराठी मंडळाच्या कार्यक्रमांतली. डॉक्टरकाकांनी बाबांच्या पाठीच्या दुखण्यात कुणाकुणाला पत्रं लिहून तपासण्या लवकर करून दिल्या होत्या. मी कॉलेजला निघाले तेव्हा काकूंनी मला त्यांचा जुना लोकरी कोट, केटल आणि दोन पातेली दिली. "मिलिंदवर लक्ष ठेव हं," त्या म्हणाल्या, "तो काही धड खात नाही." म्हणून तो दर रविवारी माझ्या हॉल्सच्या, म्हणजे हॉस्टेलच्या, किचनमध्ये वरण-भात खायला यायचा. यायचा, खायचा आणि ताट सिंकमध्ये ठेवून जायचा.

पहिल्या वर्षाच्या शेवटी आम्हाला एक लांब निबंध लिहायचा होता, विषय आपापला. मी वेल्समधल्या चॅपलांचा इतिहास घेतला, कारण विद्यापीठात असलेच विषय चालतात अशी माझी समजूत होती. एका रविवारी भात शिजत असताना मिलिंदला टेबलावर माझी वही दिसली.

"हा वही तुझा आहे?" पानं उलटत त्याने विचारलं. त्याचं मराठी असंच होतं.

"हो. सहज लिहिलेलं आहे."

"सहज? अगं, it's massive. यावरच essay का नाही लिहीत?"

"असल्या विषयावर कोण लिहू देईल?"

"का नाही? विचारायचं ना ट्यूटरला."

विचारायचं असतं, हेच मला माहीत नव्हतं. आमच्या घरात शाळेला, कौन्सिलला, डॉक्टरला कुणी कधी काही विचारलं नाही. जे कागद आले त्यांवर सह्या केल्या.

"दोन दिवस नेऊ? रात्री झोप येत नाही, काहीतरी light वाचायला हवंय." मी वही दिली. तिसऱ्या दिवशी त्याने ती परत केली, वर एक चॉकलेटही दिलं.

मेच्या मध्यावर ट्यूटरनी वर्गात सांगितलं की या वर्षीच्या सर्वांत चांगल्या निबंधातला एक परिच्छेद ते वाचून दाखवणार आहेत. पहिलं वाक्य कानावर पडलं आणि मला वाटलं, हे मी कुठेतरी वाचलंय. दुसऱ्या वाक्याला कळलं, वाचलेलं नाही, लिहिलंय. त्या दोन बँडांच्या उन्हाळ्याबद्दलचा माझाच परिच्छेद, माझ्याच स्वल्पविरामांसकट, एका सुंदर इंग्रजी आवाजात वाचला जात होता. वर्ग हसायला हवा तिथे हसला. मिलिंदने मान खाली घातली होती. नम्रपणाने घालतात तशी.

बाहेर कॉरिडॉरमध्ये मी त्याला गाठलं. ओरडायचं ठरवलं होतं. पण मी हळूच म्हणाले,

"मिलिंद, ते माझं होतं."

"Facts कुणाचे नसतात गं," तो म्हणाला. "तू ते वापरणार नव्हतीस ना? असंच पडून होतं. And honestly, टायपिंग, footnotes, सगळं मी केलं. बरं, रविवारी काय करतेयस?"

तो थट्टा करत नव्हता. खरंच जेवणाबद्दल विचारत होता. मला वाटतं, तिथेच काहीतरी पक्कं झालं.

त्या संध्याकाळी मी आईला फोन केला. ती शाळेत डिनर लेडी आहे, मुलांना जेवण वाढते आणि दिवसभर त्यांची भांडणं सोडवते. मला वाटलं, तिला समजेल. तिने सगळं ऐकून घेतलं.

"कोट कुणाचा घालतेस तू?" तिने विचारलं.

"आई, याचा इथे काय संबंध?"

"आहे. बाबांची पाठ आठव. त्यांच्या मुलाची तक्रार आपण करायची? गप्प राहा, शुभा. अभ्यास कर. एक वही गेली तर दुसरी लिहिशील."

मग परीक्षा सुरू झाल्या. जिममध्ये माझी जागा मिलिंदच्या बरोबर मागे आली. त्याने नुकतेच केस कापले होते, मानेवर एक पांढरी रेघ दिसायची. तिच्याकडे पाहत मी प्रश्नांची उत्तरं लिहिली. माझे त्या वर्षीचे पेपर चांगले गेले, हे मला सांगितलं पाहिजे. रागाने माणसाचं लक्ष विचलित होतं म्हणतात; माझं होत नव्हतं. मी शिंकायचेसुद्धा नाही. वेळ उरला की मी मनात त्याची फजिती रचायचे, कधी वर्गात, कधी मंडळाच्या स्टेजवर, कधी काकूंसमोर. प्रत्येक वेळी त्याचा चेहरा कसा दिसेल ते पुन्हा पाहायचे. कोट मी एका पिशवीत भरून कपाटाच्या तळाशी टाकला. वरण-भात मात्र दर रविवारी केला. तो यायचा, खायचा. "मीठ कमी आहे आज," एकदा म्हणाला. मी मीठ पुढे केलं.

ग्लिनचा रेकॉर्डचा स्टॉल मार्केटच्या वरच्या मजल्यावर होता. साठीला आलेला, पूर्वी पोस्टमन असलेला हा माणूस ब्रिटनमधल्या सॉल्ट वॅगनच्या चाहत्यांसाठी एक लहानसं पत्रक काढायचा, फोटोकॉपी करून स्टेपल मारलेलं. दर शनिवारी मी त्याच्याकडे पाकिटं भरायला जायचे. चहा मिळायचा, आणि बोलावं लागायचं नाही. मिलिंदला तिथे पहिल्यांदा मीच घेऊन गेले होते.

परीक्षेच्या शेवटच्या आठवड्यात ग्लिनने एक गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. बँड जूनमध्ये कार्डिफला येणार होता, आणि त्या निमित्ताने तो एक पुस्तिका छापणार होता.

"तुझ्या मित्राचा निबंध," तो म्हणाला. "फार मेहनत केलीय पोराने. पण तुझ्याइतकं या बँडबद्दल इथे कुणाला माहीत नाही. नजर टाक. तू ठीक म्हणालीस की छापायला देतो."

मी तोंड उघडलं होतं. "ग्लिन, हे मी लिहिलंय," एवढंच म्हणायचं होतं. पण तेवढ्यात सातव्या पानावर नजर गेली.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बँडची गाडी बर्फाच्या रस्त्यावर उलटली आणि ऑर्गन वाजवणारा वॉल्ट त्यात गेला. गाडी वॉल्टच चालवत होता, असं सगळीकडे छापलेलं आहे. माझ्या वहीतही ते निळ्या शाईत आहे. त्याच्या खाली, त्या ओहायोच्या बाईंच्या पत्रावरून, एक ओळ लाल शाईत होती: गाडी बेस वाजवणारा लेनी चालवत होता, मेलेल्या माणसावर ढकललं. मिलिंदने ती ओळ खरी म्हणून घेतली होती. अशा आणखी चार ओळी होत्या, पण ही सर्वांत वाईट होती.

तो असं का करेल, हे मला आधी कळेना. मग उमगलं. दोन दिवसांत वही नुसती वाचून होणार नव्हती. त्याने लायब्ररीतल्या मशीनवर तिच्या फोटोकॉप्या काढल्या होत्या. त्या मशीनमधून सगळं काळंच निघतं.

लेनी जिवंत होता. इतकंच नाही, मधली बरीच वर्षं बाहेर राहून या दौऱ्यासाठी तो बँडमध्ये परत आला होता. हे मला माहीत होतं. मी सातवं पान पुन्हा वाचलं. ग्लिन किटली भरायला गेला होता. खाली कुणीतरी मासे विकत होतं, बर्फावर फावडं मारल्याचा आवाज येत होता. मनात एकदाही गडबड उडाली नाही. बाबांची लाल ठिपक्याची गोष्ट आठवली का, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. आठवली. तरीही मी गठ्ठा नीट जुळवला, त्यावर टाचणी लावली आणि ग्लिन आल्यावर म्हणाले, "ठीक आहे."

"सगळं?"

"सगळं."

जूनच्या मध्यावर बँड आला. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी लेनी ग्लिनच्या स्टॉलवर सह्या द्यायला आला. एकटाच आला, कारण ते लोक एकमेकांबरोबर कुठे जात नसत. ठेंगणा, पन्नाशीकडे झुकलेला, पातळ केसांचा माणूस. आमच्या बाबांच्या खात्यातला वाटला असता. मेडनहेडहून डॉक्टरकाका आणि काकू मुद्दाम आले होते. काकूंनी सिल्कची साडी नेसून वर कार्डिगन घातलं होतं. काकांच्या गळ्यात कॅमेरा होता.

"अगं शुभा, तू पण आलीस. बरं झालं," काकू म्हणाल्या. "कोट होतोय ना?"

"होतोय, काकू."

"बघ ना, काय एवढं त्या गाण्यांत असतं देव जाणे. पण पोराने नाव काढलं."

माझ्या पिशवीत वही होती. मी ती याच क्षणासाठी आणली होती.

मिलिंदने पुस्तिका लेनीच्या हातात दिली. काकांनी फोटो काढला. लेनीने सही करण्याआधी पानं चाळली, हसत हसत, आणि सातव्या पानावर थांबला. तो ते पान बराच वेळ वाचत राहिला. मग त्याने चष्मा काढला.

"हे कोणी लिहिलं?"

"मी," मिलिंद म्हणाला. अजून हसतच होता.

"मी गाडी चालवत नव्हतो," लेनी म्हणाला. आवाज अगदी खाली होता. "मी मागे झोपलो होतो. उलट्या गाडीत, मदत येईपर्यंत, मी वॉल्टचं डोकं धरून बसलो होतो. त्याची बहीण अजून आहे. ती हे वाचेल."

मिलिंदच्या चेहऱ्यावरून रंग उतरत गेला, आधी गालांवरून, मग ओठांवरून. मी ते पाहिलं. महिनाभर मनात पाहत होते त्याहून ते चांगलं होतं. चांगलं होतं असंच मी लिहिणार, कारण तसंच होतं.

मग त्याने माझ्याकडे बोट केलं. "हिच्या notebook मध्ये होतं. सगळं तिचंच आहे. मी फक्त कॉपी केलं."

ज्या वाक्यासाठी मी महिनाभर जळत होते, ते त्याने सगळ्यांसमोर उच्चारलं होतं. मी पुढे झाले, वही उघडली आणि लेनीसमोर धरली. "माझीच आहे," मी म्हणाले. "पण बघा, ही ओळ लाल आहे. लाल म्हणजे खात्री नसलेली. त्याने रंग पाहिला नाही. न विचारता घेतलं ना, म्हणून त्याला माहीत नाही."

लेनीने लाल ओळ पाहिली, मिलिंदकडे पाहिलं, आणि मान हलवून खुर्ची मागे सारली. काकूंनी डोळ्यांवर पदर धरला होता. सूड पुरा झाला होता. फक्त ग्लिन माझ्याकडे बघत होता.

"तू प्रूफं वाचली होतीस," तो म्हणाला.

मी वही मिटून पिशवीत घातली.

"मी विचारलं होतं तुला, सगळं ठीक का. तू सगळं म्हणालीस."

लेनीनेही ते ऐकलं. जाताना तो माझ्यासमोर क्षणभर थांबला, पण सही मागायची माझी हिंमत झाली नाही.

ग्लिनने सगळ्या पुस्तिका परत बोलावल्या आणि पत्रकात माफी छापली: लेखकाने खोटी माहिती दिली. ते त्या पत्रकाचं शेवटचं पान ठरलं. त्यानंतर त्याने ते काढलंच नाही. शनिवारी मी गेले तर तो सभ्यपणे म्हणायचा, "आज काही काम नाही." मिलिंदने उन्हाळ्यातच कोर्स बदलला आणि कार्डिफ सोडलं. चाहत्यांमध्ये त्याचं नाव अजून निघतं, आणि सोबत 'खोटारडा' हा एकच शब्द निघतो. मी ते कधी थांबवलं नाही.

लेनीला मात्र मी त्या उन्हाळ्यात पत्र लिहिलं. पाच वेळा फाडून सहाव्यांदा पाठवलं. त्यात सगळं होतं: चूक मला दिसली होती, मी मुद्दाम गप्प बसले, कारण मला एका मुलाची जिरवायची होती आणि तुमचा मी विचारच केला नाही. उत्तर आलं नाही. मी अपेक्षाही ठेवली नव्हती.

ते उत्तर गेल्या आठवड्यात आलं. उशिराबद्दल माफी, बोटांचे सांधे धरतात म्हणून. मग त्याच्याच शब्दांत: गप्प राहण्याबद्दल मला आजवर कुणी पत्र लिहिलं नव्हतं, तुझं दोन वर्षं माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. वॉल्ट गेला त्या दिवशी गाडी मीच चालवत होतो. पोलीस आले तेव्हा वॉल्ट पुढे होता आणि मी मागे फेकला गेलो होतो. त्यांनी काय समजायचं ते समजलं, आणि मी त्यांना समजू दिलं. वॉल्टच्या बहिणीला गेल्या महिन्यात जाऊन सांगितलं. तिने मला चहा दिला नाही, पण पूर्ण ऐकून घेतलं. आता तुला कुठे लिहायचं असेल तर लिही, तिचीही हरकत नाही.

म्हणजे ती ओळ खरी होती.

हे कळल्यावर मी काय करायला हवं होतं ते मला माहीत आहे. परवा मिलिंदला ते सांगायला पे-फोनवर मेडनहेडचा नंबर फिरवला. काकूंनी उचलला.

"शुभा? किती दिवसांनी गं. आई बरी आहे ना?" आणि मग थोडं थांबून, "मिलिंद लंडनला असतो. आपल्या लोकांत येतच नाही आता. तुला म्हणून सांगते, तू ते सगळ्यांसमोर नको होतं करायला. आम्हाला सांगितलं असतंस तर घरातल्या घरात मिटलं असतं. आम्ही तुम्हाला कधी परकं मानलं का?"

मी वाट पाहिली. पुढचं वाक्य येईल असं वाटलं: त्यानेही नको होतं करायला. ते आलं नाही.

"काही निरोप होता का?" त्यांनी विचारलं.

"नाही काकू. सहज केला होता," मी म्हणाले आणि रिसीव्हर ठेवला. परत येताना मी झाडाखालच्या भिंतीवर बसले. घरातल्या घरात कसं मिटतं, ते मला माहीत आहे. आई गप्प बसते, बाबा गप्प बसतात, मी वरण-भात करते आणि मीठ पुढे सरकवते.

ग्लिनकडे उद्या पत्र घेऊन जाणार आहे. तो काय म्हणेल ते म्हणो, त्याच्यापुढे मला उभं राहायलाच हवं. वॉल्टच्या नावावरचा डाग पुसायला हवा, तो मी या पानांवर पुसते आहे. आणि मिलिंदबद्दलही खरं तेच लिहिते: त्याने छापलेली ओळ खोटी नव्हती. लोक त्याला खोटारडा म्हणतात, ते चूक आहे. तो खोटारडा नाही. तो चोर आहे. दोन्ही गोष्टी नीट वेगळ्या लिहिल्या पाहिजेत.

हा लेख मी मंडळाच्या अंकाला देते आहे. अंक मेडनहेडला पोस्टाने जातो आणि काकू तो पहिल्या पानापासून वाचतात. मिलिंदला देवनागरी वाचता येत नाही. आपण खोटं छापलं नव्हतं हे त्याला कळायचं असेल, तर त्याच्या आईला त्याला समोर बसवून हे सगळं मोठ्याने वाचून दाखवावं लागेल. मी मधलं काही गाळलेलं नाही. काकू, सावकाश वाचा.